अंबरनाथचा निरोप कर्जतला कसा पोचेल?

एका रविवारी सकाळी आम्ही एक साधा प्रयोग केला. अंबरनाथ एमआयडीसीतील एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर आमच्यापैकी दोघे हातात मावणारा पाच वॅटचा बिनतारी संच घेऊन उभे राहिले. तिसरा तसाच संच घेऊन कर्जत लोकलने निघाला. बदलापूरला स्टेशनाबाहेर येऊन त्याने हाक दिली. आवाज स्वच्छ आला. वांगणीला शब्द तुटू लागले. नेरळहून काहीच ऐकू आले नाही, कर्जतचा तर प्रश्नच उरला नाही. शेवटी ‘काही ऐकू येत नाही’ हे त्याने आम्हाला मोबाइलवरून कळवले आणि आम्ही सगळेच हसलो.

हसून झाल्यावर मात्र एक प्रश्न उरला. ज्या दिवशी मोबाइल लागत नाही, त्या दिवशी काय?

असा दिवस या भागाने पाहिला आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसाने उल्हास नदीला पूर येऊन बदलापूर-कल्याणचा मोठा भाग पाण्याखाली गेला. वीज गेली, रेल्वे थांबली, दूरध्वनी आणि मोबाइल अनेक ठिकाणी बंद पडले. पुढे २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. म्हणजे आमच्या प्रयोगात शब्द जिथे तुटू लागले, नेमक्या त्याच पट्ट्यात.

सरकारी यंत्रणांच्या जोडीला अशा वेळी उपयोगी पडू शकणारे लोक म्हणजे हौशी रेडिओ केंद्रचालक, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. पण एकटादुकटा हॅम किंवा एखाद्या गावातले एकटे मंडळ यांची धाव किती असते, ते आमच्या प्रयोगाने दाखवले. ही धाव वाढवायची तर गावोगावच्या मंडळांचा एक प्रादेशिक संघ हवा. तो का हवा आणि कसा असावा, याचा विचार या लेखात करू.

आड येणारी पृथ्वी

हातातल्या संचाच्या लहरी दोन मीटर तरंगलांबीच्या असतात. हौशी सेवेसाठी या पट्ट्यात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढी जागा राखलेली आहे. ३०० ला १४५ ने भागले की २.०७ येतात, म्हणून ‘दोन मीटरचा पट्टा’. या लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात, पण पृथ्वी गोल आहे. त्यामुळे काही अंतरानंतर जमीनच आड येते. हवेमुळे लहरी किंचित खाली वाकतात, ते धरून सपाट प्रदेशासाठी एक सोपे सूत्र मिळते:

अंतर (किलोमीटर) = ४.१२ × (√पहिल्या अँटेनाची उंची + √दुसऱ्या अँटेनाची उंची)

उंची मीटरमध्ये घ्यायची. दोघेही जमिनीवर उभे असतील आणि अँटेना दीड मीटरवर असेल, तर उत्तर येते सुमारे १० किलोमीटर. एक जण १६ मीटर उंच गच्चीवर गेला, की ते साडेएकवीस होते. अंबरनाथहून बदलापूर रेल्वेमार्गाने सुमारे ८ किलोमीटर, वांगणी १९, नेरळ २७ आणि कर्जत ४०. आता आमचा प्रयोग पुन्हा वाचावा. वांगणीला शब्द का तुटले आणि नेरळहून आवाज का आला नाही, हे या एका ओळीच्या गणितात बसते. वाटेतल्या इमारती, झाडे आणि टेकड्या प्रत्यक्षातले अंतर आणखी कमी करतात.

हे अंतर ओलांडण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग उंचीचा. डोंगरावर एक ‘रिपीटर’ बसवायचा. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करतो. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोन वारंवारतांमध्ये साधारणपणे ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर आहे. ती सूत्रात घातली, तर जमिनीवरच्या माणसापर्यंतचे अंतर १२० किलोमीटरच्या आसपास येते. अर्थात ही कागदावरची मर्यादा झाली. डोंगराच्या सावलीतल्या गावांना एवढी उंचीही पुरत नाही.

दुसरा मार्ग आकाशाचा. ४० मीटरच्या पट्ट्यातल्या, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या लहरी सुमारे अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरावरून परत फिरतात. सुमारे २० मीटर लांबीची तार मधोमध तोडून, तिथे केबल जोडून, ती जमिनीपासून सात-आठ मीटरवर आडवी बांधली, की बरीचशी ऊर्जा जवळजवळ सरळ वर जाते आणि कारंज्याच्या पाण्यासारखी भोवतालच्या प्रदेशावर पडते. मग मधल्या डोंगराचा अडसर राहत नाही. दिवसा या मार्गाने दोनतीनशे किलोमीटरच्या परिसरात बोलता येते. मात्र त्याला मोठा संच, बॅटरी आणि तार बांधायला जागा लागते.

तिसरा मार्ग माणसांचा. वांगणीत एक जण बसवायचा. त्याने अंबरनाथचा निरोप लिहून घ्यायचा आणि पुढे कर्जतला सांगायचा. खर्च सर्वांत कमी, भरवसा माणसावर.

तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. त्यांपैकी कोणताही मार्ग एका गावच्या मंडळाच्या हातचा नाही.

शंभर वर्षांपूर्वीची अशीच अडचण

ही अडचण नवी नाही. १९१४ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात हायरम पर्सी मॅक्सिम या अभियंत्याला स्प्रिंगफील्ड या गावच्या एका हौशी केंद्राला निरोप पाठवायचा होता. अंतर सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे अंबरनाथ-कर्जतएवढेच. त्याचे केंद्र चांगल्यापैकी होते, तरी निरोप पोचेना. अखेर मध्ये असलेल्या विंडसर लॉक्स या गावातल्या हौशी माणसाने तो पुढे दिला. मॅक्सिमच्या ध्यानात आले, की असे मधले दुवे आधीच ठरवून ठेवले तर निरोप कितीही लांब जाईल. त्याने ही कल्पना हार्टफर्डच्या रेडिओ मंडळापुढे मांडली आणि त्यातून ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ उभी राहिली. ‘रिले’ म्हणजे टप्प्याटप्प्याने पुढे देणे. संस्थेच्या नावातच तिचे कारण आहे.

१९२५ मध्ये पॅरिस येथे देशोदेशींच्या अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. भारतात १५ मे १९४८ रोजी महू येथील सैन्याच्या सिग्नल शाळेत ‘अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ सुरू झाला. तो पुढे दिल्लीला हलला आणि १९५४ मध्ये त्याचे नाव ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ झाले. १९८३ मध्ये हैदराबादला प्रशिक्षणाच्या कामासाठी ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ’ स्थापन झाली.

आपत्तीच्या काळात या छंदाचा उपयोग आपल्याकडे अनेकदा दिसला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आणि २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर हॅम मदतीला गेले होते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्याच एका मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. त्यांनी आपले केंद्र तात्काळ निरोपांच्या कामाला लावले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण केंद्र तिथे त्याच आठवड्यात असणे हा योगायोग होता. उल्हास खोऱ्याला पूर दर पावसाळ्यात येऊ शकतो, तेव्हा आपण योगायोगावर विसंबून राहू नये.

नदी तालुका ओळखत नाही

संघाचा ‘प्रदेश’ कोणता धरावा? जिल्हा किंवा तालुका घेणे सोयीचे वाटते. पण उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-नेरळवरून वाहत ठाणे जिल्ह्यात शिरते आणि बदलापूरवरून उल्हासनगर-कल्याणकडे जाते. तिला मिळणाऱ्या बारवी नदीवरचे धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. अंबरनाथच्या डोंगरातून निघणारी वालधुनी प्राचीन शिवमंदिराजवळून उल्हासनगरमध्ये उतरते. वाटेवर दोन जिल्हे, एक महानगरपालिका उल्हासनगरची, दुसरी कल्याणची, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर यांच्या नगरपरिषदा, शिवाय रेल्वे आणि एमआयडीसी. पाणी या साऱ्यांच्या हद्दी ओलांडून खाली येते.

कर्जतला पाणी चढले ही बातमी बदलापूरच्या दृष्टीने काही तास आधी मिळालेली सूचना असते. ती जितकी लवकर आणि जितकी अचूक पोचेल, तितका घर सोडायला वेळ मिळतो. म्हणून आमच्या मते कर्जतपासून कल्याणपर्यंतचे नदीचे खोरे हाच आपला नैसर्गिक प्रदेश आहे. दोन मीटरच्या लहरींची धाव, रिपीटरचे क्षेत्र आणि पुराचा मार्ग हे तिन्ही त्यात बसतात.

एमआयडीसीबद्दल एक खुलासा इथे करायला हवा. मोरिवली, चिखलोली, आनंदनगर या भागांत रासायनिक कारखाने आहेत, आणि अपघाताच्या वेळी वाऱ्याची दिशा आणि मोकळे रस्ते ही माहिती आसपासच्या वस्तीला फार मोलाची असते. परंतु हौशी परवान्यावर कारखान्याचे रोजचे कामकाज चालवता येत नाही. त्यासाठी कारखान्याने स्वतःचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. हौशी सेवा शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी असते, तिच्यात पैशांचा व्यवहार नसतो. दुसऱ्यांचे निरोप पोचवण्यावर एरवी बंधने आहेत. आपत्तीत त्यांना वाव असतो, पण तोही प्रशासनाच्या गरजेप्रमाणे आणि नियमांच्या चौकटीत.

एकोणसत्तर की एकोणऐंशी?

संघ म्हटला की पदाधिकारी, पत्रके आणि वार्षिक सभा डोळ्यांपुढे येतात. खरे काम निराळेच आहे, आणि ते आमच्या एका फसलेल्या सरावातून आम्हाला कळले.

दोन गटांनी मिळून खोट्या पुराचा सराव करायचे ठरवले होते. पहिली पंधरा मिनिटे कोणालाच कोणाचे ऐकू आले नाही, कारण दोन्ही गट आपापल्या नेहमीच्या वारंवारतेवर बसले होते. मग ‘एकोणसत्तर लोक शाळेत आहेत’ हा निरोप पलीकडे ‘एकोणऐंशी’ म्हणून लिहिला गेला. शेवटी ‘शिवाजी चौकात या’ हा निरोप गेला, आणि प्रत्येक जण आपापल्या गावच्या शिवाजी चौकात जायला निघाला! शिवाजी चौक नसलेले गाव आपल्याकडे शोधूनही सापडणार नाही. संच चांगले होते आणि माणसे हुशार होती. आधी ठरवून घेतलेले मात्र काहीच नव्हते.

मराठी संख्यांची ही अडचण खरखरीत फार जाणवते. त्रेपन्न-त्रेसष्ट, पंचेचाळीस-पंचावन्न हे शब्द अर्धवट ऐकले की हमखास गोंधळ होतो. उपाय सोपा आहे. अंक सुटे बोलावेत, म्हणजे ‘सहा नऊ’. गावाचे नाव आणि रेल्वेची पूर्व-पश्चिम बाजू सांगितल्याशिवाय जागेचे नाव घेऊ नये. निरोप लिहूनच पाठवावा. त्यावर क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला आणि मजकुरातील शब्दांची संख्या असावी. घेणाऱ्याने शब्द मोजावेत आणि निरोप परत वाचून दाखवावा.

याला गणिताचाही आधार आहे. समजा, प्रत्येक टप्प्यावर निरोप अचूक जाण्याची शक्यता ९० टक्के आहे. चार टप्प्यांनंतर ती ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ६६ टक्के उरते. तीनपैकी एक निरोप चुकीचा! परत वाचण्याच्या सवयीने प्रत्येक टप्पा ९९ टक्क्यांवर नेला, तर चार टप्प्यांनंतरही ९६ टक्के निरोप अचूक पोचतात. मात्र ही सवय सर्वच टप्प्यांवर हवी. एकच मंडळ शिस्तीचे असून भागत नाही.

संघ का हवा, याचे उत्तर इथे आहे. समजा, खोऱ्यात सहा मंडळे आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी स्वतंत्रपणे ठरवायचे म्हटले तर १५ करार होतील, आणि ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही. सर्वांनी मिळून एकदाच ठरवले, तर एकच नियमपत्र पुरते आणि सहा सह्यांत काम होते.

संघाची बांधणी

संघाचे काम जितके थोडे, तितका तो टिकाऊ. आमच्या मते त्याने पाचच गोष्टी पाहाव्यात.

१. वारंवारता: रोजची एक, अडचणीच्या वेळची एक आणि ती बिघडली तर तिसरी. शेजारच्या मंडळांनी नकळत एकमेकांवर बोलू नये, हाही यातला हेतू.

२. साप्ताहिक हजेरी: ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी सर्व केंद्रांनी हवेत यावे. नियंत्रक केंद्र आळीपाळीने बदलावे, म्हणजे कोणा एकावाचून अडणार नाही.

३. निरोपाचा नमुना: वर सांगितल्याप्रमाणे, सर्वांचा एकच.

४. सामायिक साधने: रिपीटर, त्याची बॅटरी, डोंगरावरच्या जागेची परवानगी. यांचा खर्च आणि देखभाल कोण करणार, हे लेखी असावे.

५. शिक्षण: परवान्याच्या परीक्षेचे वर्ग आणि प्रशासनाशी बोलण्यासाठी एक ठरलेला प्रतिनिधी.

बाकी सर्व, म्हणजे सभासद घेणे, वर्गणी, सहली आणि प्रयोग, ज्याच्या त्याच्या मंडळाकडे राहू द्यावे. आपल्या गल्लीत पाणी कुठे साचते, हे तिथल्या मंडळालाच ठाऊक असते.

मतदानाचा प्रश्न हमखास येतो. सभासदसंख्येप्रमाणे मते दिली, तर शहरातले मोठे मंडळ वांगणीच्या चारपाच जणांवर सहज मात करील. पण निरोपाच्या साखळीत वांगणीची कडी शहराइतकीच महत्त्वाची आहे. म्हणून एक मंडळ, एक मत हे तत्त्व आम्हाला योग्य वाटते. वर्गणी मात्र सभासदसंख्येप्रमाणे असावी.

संघाच्या नावाने बँकेत खाते आणि मालमत्ता ठेवायची, तर संस्थेची रीतसर नोंदणी लागते. आपल्या राज्यात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. संस्था नोंदणीच्या कायद्याप्रमाणे किमान सात सदस्य लागतात. पण घाई करू नये. आधी वर्षभर साप्ताहिक हजेरी चालवून पाहावी. ती टिकली तर घटना लिहिणे सोपे जाते, कारण तोवर काय करायचे ते ठरून गेलेले असते. आणखी एक लक्षात ठेवावे: नोंदणी म्हणजे प्रक्षेपणाचा परवाना नव्हे. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा परीक्षा घेऊन देते. बारा वर्षे पूर्ण झालेली मुलेही या परीक्षेला बसू शकतात. तिच्यात रेडिओचे तत्त्व आणि नियम असे दोन भाग असतात. शाळा किंवा मंडळाच्या नावे केंद्र काढता येते, पण ते परवानाधारकाच्या जबाबदारीवर चालते.

वर्गात काय करता येईल?

परवाना नसतानाही दोन प्रयोग करता येतात.

पहिला प्रयोग टप्प्यांचा. वर्गातील सहा मुलांना एका ओळीत दूर दूर उभे करा. पहिल्याला पंधरा शब्दांचा, दोन संख्या आणि एक ठिकाण असलेला निरोप द्या. तो कानगोष्टीप्रमाणे पुढे जाऊ द्या. दुसऱ्या फेरीत तोच खेळ निरोप लिहून, शब्द मोजून, अंक सुटे बोलून आणि परत वाचून करा. दोन्ही फेऱ्या दहा-दहा वेळा करून चुका फळ्यावर मांडा. वरचे शक्यतेचे गणित मुलांना स्वतःच्या आकड्यांत दिसेल.

दुसरा प्रयोग ऐकण्याचा. ४० मीटरच्या पट्ट्यावर हॅम जे बोलतात, ते साध्या रेडिओवर बदकाच्या आवाजासारखे ऐकू येते. कारण ते मूळ वाहक लहर आणि एक बाजूपट्टा गाळून फक्त दुसरा बाजूपट्टा पाठवतात. गाळलेली लहर आपण पुरवू शकतो. तबकडी फिरवण्याचे दोन जुने शॉर्टवेव्ह रेडिओ शेजारी ठेवा. पहिल्यावर सकाळच्या वेळी ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास असा आवाज शोधा. दुसरा चालू करून त्याचा आवाज अगदी कमी करा आणि त्याची तबकडी ६.६४५ च्या आसपास हलके हलके फिरवा. या रेडिओत एक लहान आंदोलक असतो. तो तबकडीवरच्या आकड्यापेक्षा बहुधा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो, म्हणजे इथे बरोबर ७.१ वर. त्याची लहर पहिल्या रेडिओत झिरपली, की बदकाचा माणूस होतो! थोडा संयम लागतो. आकड्यांचे पडदे असलेल्या नव्या रेडिओंवर हा प्रयोग बहुधा साधत नाही, तेव्हा माळ्यावरचा जुना रेडिओ टाकून देऊ नये.

खोऱ्यातल्या दोन शाळांनी एवढे केले आणि एकमेकींना आपले आकडे कळवले, तर दुव्याची सुरुवात झालीच. येत्या पावसाळ्याआधी अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ आणि कर्जत येथे एकेक परवानाधारक माणूस ठरलेल्या वेळी हवेत असावा, असा आमचा प्रयत्न आहे. वांगणीची जागा अजून रिकामी आहे. तिथल्या एखाद्या शिक्षकाने ती भरली, तर आमचा रविवारचा प्रयोग आम्ही पुन्हा करू, आणि या वेळी निकाल मोबाइलवरून कळवावा लागणार नाही.